येतं, की ओळखीचं वाटतं?

कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरचा गणिताचा पहिला पेपर. ५० पैकी १४. उजव्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहिलेला आकडा आणि त्याभोवती एक ठसठशीत गोल. मी तो कोपरा आत दुमडला, पेपर बॅगेत ढकलला. शेजारची म्हणाली, "किती?" मी म्हटलं, "ठीक आहेत."

शाळेत मी हुशार मुलींत मोडायचे. म्हणजे नापास होण्याची मला सवयच नव्हती. पण खरं सांगायचं तर मला गुणांपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीने हादरवलं होतं. आदल्या रात्री मला सगळं येत होतं. खरंच येत होतं. पुस्तकाचं कुठलंही पान उघडावं आणि पुढची पायरी काय ते नजर पडण्याआधी मला कळावं, इतकं. मग सकाळी तीन तासांत ते गेलं कुठे?

मी दोन दिवस पेपर तपासणाऱ्यावर खापर फोडलं. तिसऱ्या दिवशी गुण वाढवून मागायला सरांच्या केबिनमध्ये गेले. सरांनी पेपर बघितलाच नाही. एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "तिसरा प्रश्न सोडव. इथेच." मी पहिली ओळ झरझर लिहिली. दुसरी लिहिली. तिसरीपाशी पेन थांबलं. सर खिडकीतून बाहेर बघत बसले होते. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "सर, आत्ता आठवत नाहीये, पण बघितलं की लगेच कळतं."

"माझी बायको शिवणकाम करते," सर म्हणाले. "मी रोज बघतो. सगळं कळतं मला. बटण लावता येत नाही."

त्या वेळी मला या वाक्याचा भयंकर राग आला होता. आता तिसऱ्या वर्षाला आहे. शाळेतल्या मला काही सांगायची संधी मिळाली, तर दुसरं काही न सांगता मी हे बटणाचंच सांगेन.

कारण शाळेतली मी कशी अभ्यास करायची ते मला नीट आठवतं. माझ्या वह्या वर्गात फिरायच्या. मथळे जांभळ्या शाईने, व्याख्या निळ्याने, महत्त्वाच्या ओळींवर पिवळा हायलायटर, अतिमहत्त्वाच्या ओळींवर गुलाबी. परीक्षा जवळ आली की पानंच्या पानं गुलाबी व्हायची, कारण वगळायचं काय हे ठरवायचा धीर नव्हता. एक धडा चारदा वाचायचे. पहिल्यांदा अडखळत, दुसऱ्यांदा बरा, चौथ्यांदा पाण्यासारखा. वाचन सुरळीत झालं की धडा झाला. कुणी विचारलं, "झाला का अभ्यास?" तर मी प्रामाणिकपणे हो म्हणायचे. खोटं बोलत नव्हते, मला तसंच वाटत होतं.

आणि शाळेत ते खपून गेलं. धडे छोटे, परीक्षा लागोपाठ, प्रश्न बहुतेक पुस्तकातलेच. काल वाचलेलं आज उतरवायचं आणि परवा विसरायचं, एवढ्यावर गुण मिळत होते. माझी पद्धत चुकीची आहे असं मला कळणार कसं? चुकीची पद्धत चांगले गुण देत होती.

केबिनमधून बाहेर पडल्यावर मी त्याच रात्री अभ्यास बदलला, असं लिहायला छान वाटलं असतं. तसं काही झालं नाही. पुढचे तीन आठवडे मी तेच केलं, फक्त जास्त वेळ. चारदा वाचायचे ते सहादा वाचलं. दुसऱ्या चाचणीत ५० पैकी १७ मिळाले. तीन गुणांसाठी दीडपट मेहनत! तेव्हा कुठे, निव्वळ वैतागातून, मी पुस्तक मिटलं, कोरा कागद घेतला आणि नुकताच वाचलेला धडा त्यावर लिहायला बसले.

अर्धं पान झालं. त्यातही दोन ओळी चुकलेल्या, एक सूत्र उलटं. मला वाटलं होतं की किमान तीन पानं होतील.

तो अर्ध्या पानाचा कागद बघताना पोटात कसंतरी झालं, ते अजून आठवतं. पण त्या कागदाने मला एक गोष्ट दिली, जी रंगीत वह्यांनी कधीच दिली नव्हती. नेमकं काय येत नाही, ते त्यावर दिसत होतं. मग पुस्तक उघडलं आणि राहिलेलं सगळं लाल पेनाने त्याच कागदावर भरलं. कागद लालेलाल. दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता आधी नवा कागद घेतला. लाल थोडं कमी झालं. मग तीन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने. प्रत्येक खेपेला वीसेक मिनिटं लागायची, आणि प्रत्येक खेपेला सुरुवातीची पाच मिनिटं नकोशी वाटायची. ती अजूनही वाटतात. हे सोपं होत जातं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. फक्त त्या नकोशा वाटण्याची भीती जाते.

या सगळ्याला शास्त्र आहे हे मला पुढच्या वर्षी कळलं. मानसशास्त्र हा जोडविषय मी केवळ त्याचं वेळापत्रक सोयीचं होतं म्हणून घेतला होता. एका तासाला रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग शिकवला. कॉलेजच्या मुलांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं न बघता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तर वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने घेतली, तेव्हा वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले आणि लिहिणारे ६१ वर होते. सगळ्यात बोचलं ते पुढचं. आपल्याला आठवड्याने किती आठवेल याचा अंदाज आधीच विचारला होता, आणि जास्त खात्री होती ती पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना.

वर्गात मी एकदम सरळ बसले. तो पहिला गट म्हणजे माझी अख्खी शाळा होती. पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पहिली येणारी मुलगी.

विसरण्याचा हा उतार नवा नाही. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरजुळण्या पाठ करून, स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये तो मांडला होता. सुरुवातीला भराभर विसरतं, मग विसरण्याचा वेग मंदावतो. मध्ये अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा टिकते, हेही तेव्हापासून माहीत आहे. इतकी जुनी गोष्ट शाळेत कुणीच कशी सांगितली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. कदाचित सांगितलीही असेल आणि मी तिच्यावरून गुलाबी हायलायटर फिरवून पुढे गेले असेन.

गणितात आणखी एक खोच होती, ती मात्र मला स्वतःलाच सापडली. शाळेत मी धड्याच्या शेवटची उदाहरणं ओळीने सोडवायचे आणि सगळी यायची. येणारच! धड्याचं नावच सांगत असतं की कुठलं सूत्र लावायचं. परीक्षेत उदाहरणावर धड्याचं नाव नसतं. तिथे पहिलं काम असतं हे उदाहरण कुठल्या जातीचं आहे ते ओळखायचं, आणि त्या कामाचा सराव मी कधी केलाच नव्हता. मग मी पाच धड्यांतली उदाहरणं चिठ्ठ्यांवर उतरवली, एका डब्यात टाकली आणि रोज डोळे मिटून चार काढू लागले. पहिल्या आठवड्यात चारांपैकी एक सुटायचं. त्या डब्यानेच मला पहिलं वर्ष पार करून दिलं.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आम्हा काही जणांना शाळेतल्या मुलांशी गप्पा मारायला बोलावलं होतं. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून आदल्या रात्री होस्टेलच्या खोलीत अकरा जण जमलो आणि प्रत्येकाने एक चिठ्ठी लिहिली: शाळेतल्या स्वतःला काय सांगशील? नावं घालायची नाहीत, म्हणजे खरं लिहिता येईल.

चार चिठ्ठ्यांवर "जास्त अभ्यास कर" होतं. त्या बाजूला ठेवल्या. ते तर शाळेतल्या आम्हाला रोज चार माणसं सांगत होती. एकीवर नुसतंच "त्या मुलाला विसर". यावर बराच वेळ हसलो, मग खोलीत एक जण हसत नाहीये हे लक्षात आलं आणि विषय बदलला. एकीवर होतं, "टायपिंग शिक, दहाही बोटांनी." हा मला सगळ्या रात्रीतला सगळ्यात व्यवहारी सल्ला वाटला.

आणि एक चिठ्ठी अशी: "फळा दिसत नाही हे सांग. दोन वर्षं तू शेजारच्याच्या वहीतून उतरवलंस. चष्म्याला चिडवतील म्हणून. चष्मा लागल्यावर कुणीही चिडवलं नाही."

ही वाचून खोली शांत झाली. मग एकेक जण बोलायला लागला, आणि निघालं असं की आमच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाचा एक न दिसणारा फळा होता. कुणाला अपूर्णांक कधीच कळले नव्हते. कुणाला मोठ्याने वाचताना अक्षरं उलटसुलट दिसायची. माझा फळा म्हणजे प्रश्न विचारणं. "कुणाला काही शंका?" असं बाई विचारायच्या आणि माझा हात मांडीवर घट्ट बसायचा. हुशार मुलीला शंका असते का कधी? विचारलं तर चाळीस डोकी मागे वळणार, आणि मग ही हुशार नव्हेच, हे सगळ्यांना कळणार.

त्या चाळीस डोक्यांवरही प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केला. एका विद्यार्थ्याला जरा हसू होईल असा, एका गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालायला लावून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवायचं, आणि नंतर विचारायचं की किती जणांच्या लक्षात आलं असेल? टी-शर्ट घालणाऱ्यांना वाटायचं की जवळपास निम्म्यांच्या. प्रत्यक्षात आलेलं असायचं जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या. उरलेले बिचारे आपापल्या टी-शर्टच्या काळजीत.

कॉलेजात मी पहिला प्रश्न विचारला तो पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरमध्ये. आवाज इतका बारीक निघाला की मॅडमनी "काय?" विचारलं आणि मला तो पुन्हा विचारावा लागला. एकही डोकं वळलं नाही. तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक जण येऊन म्हणाली, "बरं झालं विचारलंस, मला गेल्या महिन्यापासून तेच कळत नव्हतं." आता आम्ही एकाच खोलीत राहतो.

वेळेच्या बाबतीतही मी स्वतःला अशीच फसवत आले. शाळेत प्रकल्प एका रात्रीत व्हायचे, म्हणून मला वाटायचं की माझा कामाचा अंदाज पक्का आहे. दुसऱ्या वर्षी एका रिपोर्टला मी पाच दिवस धरले होते, लागले अकरा. शेवटच्या रात्री पहाटे चारला प्रिंटर बंद पडला आणि मी जमिनीवर बसून रडले. या बाबतीत तर मी एकटी नाही याचा लेखी पुरावा आहे. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रबंधाला किती दिवस लागतील असं विचारलं. सरासरी अंदाज निघाला ३४ दिवसांचा. सगळंच्या सगळं बिघडलं तर? तेव्हा ४९ च्या आसपास. लागले ५५ पेक्षा जास्त. म्हणजे वाईटातली वाईट कल्पनाही आशावादीच ठरली. मी आता अंदाज करते, त्याची दुप्पट करते आणि तरीही उशीर होतो. पण प्रिंटरपाशी रडत नाही.

झोपेबद्दल थोडक्यात, कारण यावर सगळेच बोलतात आणि कुणी झोपत नाही. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप हवी, असं झोपेच्या तज्ज्ञांची शिफारस सांगते. गंमत अशी, की त्याच वयात झोप आणणारं मेलॅटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं. त्यामुळे अकरा वाजता डोळे टक्क उघडे असणं हा आळशीपणा नसतो. ते शरीराचं घड्याळ असतं. हे मला तेव्हा माहीत असतं तर निदान सकाळी स्वतःला शिव्या घातल्या नसत्या. आणि रात्रभर जागून वाचणं म्हणजे वाचलेलं डोक्यात बसण्याची वेळच कापून टाकणं, कारण आठवणी पक्क्या होण्याचं बरंचसं काम झोपेत चालतं.

विषयनिवडीचं लिहू की नको असं झालंय, कारण तिथे माझं अजून ठरलेलं नाही. शाळेत ज्यात गुण पडतात ते मला आवडतं, असं सगळ्यांनी धरलं, मीही धरलं. गुण पडणं आणि आवडणं यांचा चेहरा सारखा असतो. गणितात आपटल्यावरच मला कळलं की मला ते आवडतं. कारण गुण गेल्यावरही डब्यातली चिठ्ठी काढायची उत्सुकता उरली होती. उलट ज्या विषयात मी शाळेत कायम पहिली यायचे, त्याचं पुस्तक गेल्या तीन वर्षांत एकदाही स्वतःहून उघडलेलं नाही. शाळेतल्या मला मी एवढंच विचारलं असतं, की उद्या परीक्षा रद्द झाली तर यातलं काय वाचशील? तिला उत्तर देता आलं असतं असं नाही. पण प्रश्न तरी पडला असता.

चिठ्ठ्यांच्या त्या रात्रीनंतर, दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मुलांशी झालेल्या गप्पा फसल्या. आम्ही चांगलं बोललो, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि एकानेही काही विचारलं नाही. मागच्या रांगेतली एक मुलगी मी सांगितलेलं सगळं वहीत उतरवत होती. तीन रंगांत.

त्यानंतरच्या सुट्टीत मामेबहीण राहायला आली. ती नववीत आहे, माझ्यासारखीच नीटनेटक्या वह्यांची. संध्याकाळी पुस्तक बंद करून म्हणाली, "ताई, प्रकाशसंश्लेषण झालं. एकदम पाठ आहे."

भाषण द्यायचा मोह झाला, पण आदल्या फजितीची आठवण ताजी होती. मी फक्त कोरा कागद पुढे केला. "लिही बघू. आठवेल ते."

तिने रुबाबात सुरुवात केली. शीर्षक, खाली रेघ. हरितद्रव्य, सूर्यप्रकाश, कार्बन डायऑक्साइड. मग पाणी. मग पेन हवेत. ऑक्सिजन लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. साखर कुठून येते तिथे बाण काढला आणि त्याच्या टोकाशी काहीच लिहिलं नाही. पाच ओळी आणि एक अधांतरी बाण. तिचे कान लाल झाले होते.

"मला येत होतं गं!" ती जवळजवळ ओरडलीच. "आत्ता येत होतं, शप्पथ!"

"माहितीये," मी म्हटलं. "मलाही यायचं."

तिने माझ्याकडे संशयाने बघितलं, पुस्तक उघडलं आणि माझ्या पेनांतून लाल शोधायला लागली.